शेवटच्या पानावरचा राक्षस

१९७१ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक निघाले. लेखक जॉन स्टोन, चित्रकार मायकेल स्मॉलिन आणि नायक 'सेसमी स्ट्रीट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातला निळा, केसाळ, भित्रा ग्रोव्हर. पुस्तकाचे नाव 'द मॉन्स्टर ॲट द एंड ऑफ धिस बुक', म्हणजे या पुस्तकाच्या शेवटी असलेला राक्षस. ग्रोव्हर स्वतःच हे नाव वाचतो आणि हबकतो. शेवटी राक्षस आहे, तर मग शेवटापर्यंत पोहोचायचेच नाही, असा सरळ हिशेब करून तो वाचणाऱ्या मुलाला पान उलटू नकोस म्हणून विनवू लागतो. पाने दोरीने बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंत रचतो. मूल अर्थातच पान उलटते, भिंत कोसळते, आणि शेवटच्या पानावर राक्षस म्हणून खुद्द ग्रोव्हरच उभा असतो, चांगलाच ओशाळलेला.

या पुस्तकाची खरी करामत दुसऱ्या वाचनात आहे. रहस्य एकदाच उलगडते, पण मुले ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. कारण दुसऱ्या वेळी मुलाला शेवट ठाऊक असतो आणि ग्रोव्हरला नसतो. तो दर वेळी नव्याने घाबरतो आणि मूल त्याच्यापेक्षा शहाणे होऊन हसते. आपण वर्गात नाट्यात्म उपरोध शिकवतो तो हाच. ग्रीक प्रेक्षक इडिपस कोण आहे हे जाणूनच नाट्यगृहात बसत असे, आणि राजाने मारेकऱ्याला शाप दिला की त्याच्या अंगावर काटा येई. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही हरिश्चंद्राचे पुढे काय होणार ते पाठ असते. जाणणारा श्रोता आणि न जाणणारे पात्र यांच्यातल्या अंतरावर पुनर्वाचनाचा सगळा आनंद उभा आहे, असे आपण धरून चालतो. या गृहीतकाला तडा जाईल असे उदाहरण मला एका लोकप्रिय मालिकेत सापडले.

२ एप्रिल २००९ रोजी 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या पर्वातला अठरावा भाग प्रक्षेपित झाला. त्याचे शीर्षक ग्रोव्हरच्या पुस्तकाचेच. पटकथा जूली सीज यांची, दिग्दर्शन माइक रोल यांचे. मालिका तेव्हा चार वर्षांची होती. पुढे ती १५ पर्वे आणि ३२७ भाग चालून १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. मला या भागाबद्दल बोलायचे आहे ते शेवट ठाऊक झाल्यानंतरच्या दर्शनाबद्दल. तो शेवट सांगितल्यावाचून हे लिहिणे शक्य नाही. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी ग्रोव्हरचे ऐकावे आणि पान उलटू नये.

मालिकेची कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ १९६७ सालच्या काळ्या शेव्हरोले इम्पालातून अमेरिकाभर हिंडतात आणि भुते, पिशाच्चे, सैतानी शक्ती यांची शिकार करतात. पहिल्याच भागात, सप्टेंबर २००५ मध्ये, त्यांची आई घराच्या छताला खिळून जळते, आणि बावीस वर्षांनंतर सॅमची प्रेयसी जेसिका अगदी तशीच जळते. मालिकेचे जनक एरिक क्रिपकी यांच्या डोक्यात पाच पर्वांची कथा होती. ती संपवून त्यांनी सूत्रे सोडली आणि पुढची दहा पर्वे इतरांनी चालवली. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या अठराव्या भागात भाऊ एका भुताचा माग काढत चित्रकथांच्या दुकानात शिरतात. दुकानदाराला वाटते, ही कुणाची तरी नक्कल करणारी हौशी मंडळी आहेत. कुणाची, तर 'सुपरनॅचरल' नावाच्या कादंबरीमालेतल्या सॅम आणि डीन यांची. भाऊ ती पुस्तके विकत घेऊन वाचतात. त्यांनी आजवर केलेले, बोललेले, एकांतात केलेले सगळे तिथे छापलेले असते. लेखकाचे नाव कार्व्हर एडलंड. हे नाव मालिकेच्या दोन खऱ्या लेखकांच्या, जेरेमी कार्व्हर आणि बेन एडलंड यांच्या, आडनावांची जोडणी आहे. पुस्तकांचे चाहते आहेत, त्यांच्यात सॅमवाले आणि डीनवाले असे तट आहेत, आणि भावाभावांत प्रणय रंगवणारेही काही आहेत. ते वाचून डीनची जी अवस्था होते त्यावर त्या काळी चाहत्यांनी मनसोक्त हसून घेतले. मालिका आपल्या प्रेक्षकांची फिरकी घेत होती, आणि प्रेक्षकांना ते आवडत होते.

भाऊ लेखकाचा पत्ता मिळवतात. टोपणनावामागचा माणूस चक शर्ली, अंगात जुना अंगरखा, घरभर पसारा, हाताशी दारू. रॉब बेनेडिक्ट या नटाने हा माणूस असा उभा केला आहे की पाहताक्षणी त्याच्याबद्दल दया वाटावी. बेल वाजण्याआधी तो स्वतःचे हस्तलिखित मोठ्याने वाचत असतो. दोघे भाऊ एका मोडकळीला आलेल्या घराच्या दाराशी आले आहेत, आणि डीन निश्चयाने बेल दाबतो असे वाक्य आहे, ज्यात निश्चय हा शब्द दोनदा येतो. चक ते वाक्य संपवतो आणि खरोखरची बेल वाजते.

यानंतरचा प्रसंग म्हणजे या भागाचा गाभा. समोर उभे असलेले दोघे खरोखरच सॅम आणि डीन आहेत हे पटल्यावर चक हादरतो. आपण लिहिले ते खरे होत असेल तर याचा अर्थ एकच, आपण देव आहोत, आणि तोही क्रूर आणि लहरी, असा निष्कर्ष तो काढतो. मग तो माफी मागू लागतो. तुमचे वडील मी मारले, आईला मी जाळले, आणि जेसिकाच्या वेळी तेच भोग पुन्हा भोगायला लावले, आणि हे सगळे कशासाठी, तर वाङ्मयीन समतोल साधावा म्हणून! पहिल्या पर्वातला किड्यांचा भाग आणि तिसऱ्यातला भुताच्या जहाजाचा भाग यांबद्दलही तो क्षमा मागतो; हे खरे घडते आहे हे ठाऊक असते तर मजकुरावर आणखी एकदा हात फिरवला असता, असे म्हणतो. डीन त्याला बजावतो की तू देव नाहीस. पुढे कॅस्टिएल हा देवदूत खुलासा करतो की चक हा प्रेषित आहे, त्याला दिसते ते तो लिहितो, आणि ही पुस्तके पुढेमागे धर्मग्रंथ होणार आहेत.

पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग विनोदी आहे, आणि विनोदाच्या खाली काहीतरी फार गंभीर आहे. लेखक आपल्या पात्रांसमोर उभा राहून लाजतो आहे. पिरांदेल्लोच्या १९२१ सालच्या नाटकात सहा पात्रे लेखकाच्या शोधात येतात; उनामुनोच्या 'निएब्ला' या १९१४ च्या कादंबरीत नायक लेखकाला भेटायला सालामांकाला जातो आणि तू मला मारू नकोस म्हणून भांडतो. पण तिथे लेखक आपल्या अधिकाराला चिकटून राहतो. उनामुनो तर नायकाला मारतोच. इथे लेखक म्हणतो, मी तुमच्याशी वाईट वागलो आणि त्याचे कारणही क्षुल्लक होते. रचनेची गरज! कथानकात आई जळाली म्हणून प्रेयसीही जळायला हवी, कारण आरंभ आणि आवर्तन जुळले की वाचकाला बरे वाटते. दूरचित्रवाणीवर स्त्रीपात्रे ज्या सवयीने मारली जातात त्या सवयीचे इतके प्रामाणिक वर्णन मी कोणत्याही समीक्षेत वाचलेले नाही, आणि ते इथे एक दारुडा मनुष्य विनोदाच्या ओघात करून जातो.

आता शेवट. मे २०१० मध्ये पाचवे पर्व संपताना चक कथेचा शेवटचा शब्द लिहितो, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत समाधानाने हसतो आणि हवेत विरून जातो. तो देव असावा अशी कुजबुज तेव्हापासून सुरू झाली. ४ मे २०१६ च्या भागात ती खरी ठरली. चक हाच देव, आणि तोवर तो लपून बसलेला. त्या वेळी मालिकेची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते जेरेमी कार्व्हर म्हणजे चकच्या टोपणनावातले पहिले अर्धे नाव; मालिकेने स्वतःच्या शेपटीला घेतलेला हा चावा बहुधा योगायोगच असावा. त्यानंतर २५ एप्रिल २०१९ रोजी चौदाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात अँड्र्यू डॅब यांच्या पटकथेने अखेरचा पडदा दूर केला. चक हा भावांच्या दुःखाचा प्रेक्षक आहे, तीच त्याची आवडती मालिका आहे, आणि भावांनी त्याने नेमलेली भूमिका नाकारताच तो कथा संपवून टाकायला निघतो. पंधराव्या पर्वात तोच खलनायक. बेकी या त्याच्या जुन्या चाहतीला त्याने लिहिलेला शेवट आवडत नाही, तेव्हा तो चुटकीसरशी तिला नाहीसे करतो. १२ नोव्हेंबर २०२० च्या भागात त्याची शक्ती काढून घेतली जाते आणि भाऊ त्याला न मारता साधा माणूस म्हणून जगायला सोडून देतात.

म्हणजे ग्रोव्हरचे शीर्षक अक्षरशः खरे ठरले. पुस्तकाच्या शेवटी राक्षस होता आणि तो पुस्तक सांगणाराच होता. हे एवढे चपखल बसते की अकरा वर्षांपूर्वीच कुणीतरी ही चावी फिरवून ठेवली होती असे वाटावे. ते खरे नाही. पाच पर्वांच्या आराखड्यात २०१९ सालचा चक कुठून असणार?

हे ठाऊक असताना भाग पुन्हा पाहिला की प्रथम जाणवतो तो चातुर्याचा आनंद, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. 'तू देव नाहीस' हे डीनचे वाक्य आता सोफोक्लीसच्या तोडीचा उपरोध पेलते. वाङ्मयीन समतोलाची कबुली आता शब्दशः कबुली आहे. एकाच वाक्यात एक शब्द दोनदा वापरणारा हा लेखक जगाचा निर्माता आहे, ही कल्पना तर धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही विचार करायला लावील. झकारायाह हा अधिकारी वृत्तीचा देवदूत शेवटच्या प्रसंगात चकला धमकावतो, तेव्हा आपल्याच मालकाला दम देणारा कारकून पाहिल्यासारखे वाटते.

पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहताना हा आनंद आटू लागतो, आणि त्याचे कारण ग्रोव्हरच्या पुस्तकाशी ताडून पाहिले की स्पष्ट होते. पुनर्वाचनात आपण जाणतो आणि पात्र जाणत नाही, म्हणून आपल्याला पात्राबद्दल करुणा वाटते. इथे आपल्याला कळते ते हे की पात्राला सगळे आधीपासूनच ठाऊक होते. आपण शहाणे झालो नाही. पहिल्या वेळी आपल्याला फसवण्यात आले होते एवढेच समजले. शेवट कळल्यामुळे आपल्या हाती अधिक काही लागायला हवे होते, त्याऐवजी चकसारखा एक सोबती हातचा गेला. पहिल्या वेळी तो आपल्यासारखाच होता: वाचक, दिसते ते लिहून घेणारा, घाबरलेला. दुसऱ्या वेळी तिथे फक्त सोंग उरते.

सोंगालाही नियम असतात. अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) या कादंबरीत निवेदक हाच खुनी निघतो. अनेकांना ती लबाडी वाटली, पण पुन्हा वाचून पाहिल्यास निवेदक कुठेही खोटे बोललेला आढळत नाही. तो फक्त वगळतो. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत खून दडलेला असतो. म्हणून ती कादंबरी दुसऱ्या वाचनाच्या कसोटीला उतरते. हा भाग उतरत नाही. चक एकटा असतानाही हस्तलिखित चाचपडतो, दारूचा आधार घेतो, भविष्य दिसल्यावर झोपेतून दचकून उठतो. तेव्हा खोलीत दुसरे कुणी नसते. मग हे सोंग कुणासाठी? फक्त कॅमेऱ्यासाठी, म्हणजे आपल्यासाठी. पात्राने दुसऱ्या पात्राला फसवणे कथेच्या आत बसते. एकांतातल्या वेदनेचे सोंग मात्र कथेत कुठेच बसत नाही. तिथे शिवण दिसते.

अशा शिवणी आणखी आहेत. डीनच्या गळ्यातले ताईत घ्या. पाचव्या पर्वात कॅस्टिएल सांगतो की देव जवळ असला की हे ताईत तापते, आणि ते घेऊन तो देवाला शोधत हिंडतो. आता २००९ चा भाग पाहावा. डीन चकच्या समोर हातभर अंतरावर उभा आहे, ताईत गळ्यात आहे आणि काहीही होत नाही. २०१६ साली ताईत उजळते तेव्हा स्पष्टीकरण मिळते की ते तोवर बंद करून ठेवले होते. हे म्हणजे ठिगळ. दीर्घकाळ चालणाऱ्या, अनेकांनी लिहिलेल्या कथेत ठिगळे असणारच. आपल्याकडच्या पुराणकथांतही ती आहेत आणि त्यांच्यावर भाष्यकारांची घरे चालली. तक्रार ठिगळाबद्दल नाही. मूळ कापडाची वीणच आता ठिगळाच्या रंगाने पाहावी, असा जो आग्रह या शेवटात आहे त्याबद्दल आहे.

याहून मोठे नुकसान डीनचे होते. चकने लिहिले आहे की त्या रात्री लिलिथ ही सैतानी शक्ती सॅमला गाठणार. डीन प्रत्येक गोष्ट लिहिल्याच्या उलट करू पाहतो. शाकाहारी बर्गर मागवतो तर चुकून मांसाचाच येतो. गाडी टाळायला जातो तर गाडी येऊन धडकते, आणि शुद्धीवर येतो तेव्हा चेहऱ्यावर एका लहान मुलीने लावलेल्या गुलाबी फुलांच्या पट्ट्या असतात, अगदी लिहिल्याप्रमाणे. शेवटी कॅस्टिएल आडवळणाने सुचवतो की प्रेषितावर संकट आले तर एक प्रमुख देवदूत धावून येतो. डीन चकलाच फरफटत त्या खोलीत नेतो. लेखक स्वतः कथेत अवतरतो, लिलिथ पळ काढते, आणि लिहिलेले टळते. पान फाटते! पूर्ण पाचही पर्वांचे सार या युक्तीत आहे. नियतीचा मजकूर तयार आहे, पण एखादा हट्टी माणूस लेखकाची कॉलर धरून मजकूर बिघडवू शकतो.

शेवट ठाऊक झाल्यावर हा विजय कुठे जातो? चकने स्वतःला फरफटत नेऊ दिले, एवढेच उरते. डीनचे बंड हेही त्याच्या करमणुकीचे एक प्रकरण. मालिकेलाही हा प्रश्न पडला असावा, कारण पंधराव्या पर्वाच्या सुरुवातीला डीन नेमका हाच विचार करून खचतो: यातले खरे काय होते? कॅस्टिएल त्याला उत्तर देतो की आपण खरे आहोत. उत्तर सुंदर आहे, पण ते श्रद्धेचे उत्तर आहे. कथेने ते सिद्ध केलेले नाही. ज्या कथेने लेखकाला सर्वशक्तिमान करून टाकले ती पात्रांना मागाहून स्वातंत्र्य कुठून देणार? देवाचा बंदोबस्त झाल्यानंतर एकच भाग उरतो आणि त्यात डीन एका लढाईत लोखंडी गजावर रुतून मरतो. चक गेल्यावरही कुणीतरी लिहीतच होते.

मराठी प्रेक्षकाला, निदान मला, २०१६ सालचा खुलासा पाहताना आपल्या भक्तिपरंपरेतल्या कथा आठवल्यावाचून राहत नाहीत. देव वेषांतर करून राहतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी वाहतो. दामाजीपंतांसाठी विठ्ठल विठू महार होऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरतो. तिथेही ओळख शेवटी पटते आणि ती पटताच मागचे सगळे दिवस वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. श्रीखंड्या नाहीसा झाल्यावर नाथांनी गेली बारा वर्षे मनातल्या मनात पुन्हा पाहिली असतील, आणि प्रत्येक कावड त्यांना आठवली असेल. उत्तरकालीन ज्ञानाने पूर्वीचे दिवस इथे उजळतात, कारण देवाचे सोंग सेवेचे होते. कावड खरी होती, खांद्यावरचे घट्टे खरे होते. चक तीच युक्ती करतो, पण पाणी वाहत नाही. तो बसून पाहतो आणि लिहितो. त्यामुळे त्याची ओळख पटल्यावर मागचे दिवस काळवंडतात.

महाभारतातही लेखक कथेत आहे. व्यास कौरव-पांडवांचा आजोबा, ऐन प्रसंगी येऊन सल्ला देणारा आणि पुन्हा निघून जाणारा. तरी कुलक्षयानंतर गांधारी शाप देते तो कृष्णाला: तू थांबवू शकत होतास आणि थांबवले नाहीस. व्यासाला कुणी जाब विचारत नाही. रचणारा आणि घडवणारा यांच्यात त्या परंपरेने भेद राखला आहे. 'सुपरनॅचरल'च्या २००९ सालच्या भागातही तो भेद होता. चक व्यासाच्या जागी होता, त्याला दिसत होते आणि तो लिहीत होता. पुढच्या लेखकांनी दोन्ही जागा एकाच माणसाला दिल्या आणि त्याच्यावर खटला भरला. त्या खटल्यात एक सोयही आहे, ती सांगायला हवी. पंधरा वर्षांत मालिकेत जे जे वाईट, आळशी, अकारण क्रूर लिहिले गेले त्याचे उत्तरदायित्व आता चकवर टाकता येते. पहिल्या भागात जेसिका जळाली ती कथेतल्या दुष्ट देवाच्या इच्छेने. पटकथालेखकांचा हिशेब मिटला. २००९ साली मात्र ही माफी लेखकांच्या दालनातूनच आली होती. टोपणनाव त्यांचेच होते, किड्यांचा भाग त्यांचाच होता. ती लाज खरी होती, आणि २०१९ सालच्या युक्तीने ती खोटी ठरवली.

फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) मध्ये दाखवले की मधल्या काळाला अर्थ यावा म्हणून आपल्याला शेवटाची गरज असते. मान्य. पण कर्मोड यांच्यासमोर पुस्तके होती, म्हणजे आरंभ आणि शेवट एकाच मुठीत धरता येणारी वस्तू. पंधरा वर्षे चाललेल्या, तीन-चार सूत्रधारांच्या हातून गेलेल्या मालिकेचा शेवट आरंभावर किती हक्क सांगू शकतो? लेखकाचा हेतू प्रमाण मानू नये हे विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ सालीच सांगून ठेवले आहे आणि आपण ते परीक्षेत लिहिलेही आहे. पण इथे प्रश्न एका लेखकाच्या हेतूचा नाही, वारसांनी मूळ मालमत्तेची कागदपत्रे बदलण्याचा आहे. माझे मत असे की हा हक्क मान्य करू नये. २००९ सालच्या भागाला त्याचे अज्ञान राखू द्यावे. चक त्या भागात प्रेषित आहे, कारण भाग तसे म्हणतो आणि त्यातली प्रत्येक चौकट त्यावर उभी आहे. नंतरचा चक हे नंतरचे वाचन आहे, एक भाष्य; आणि भाष्य कितीही चतुर असले तरी ते संहितेच्या खाली छापायचे असते.

हे म्हणणे सोपे आहे, पाहताना पाळणे कठीण. मन शेवट विसरत नाही. पण एक पुरावा पडद्यावरच आहे आणि तो कुणाला मागाहून बदलता आलेला नाही. शेवटच्या प्रसंगात चक झोपेतून उठतो, समोर झकारायाह. सॅमचे पुढे काय होणार ते चकने नुकतेच पाहिले आहे. भावांना सावध करायला हवे, असे तो म्हणतो; झकारायाह त्याला ते करू देणार नाही. मी जीव देईन, चक म्हणतो. आम्ही तुला पुन्हा जिवंत करू, असे उत्तर मिळते. मग मी काय करावे? नेहमी करतोस तेच, लिही. इथे कॅमेरा बेनेडिक्टच्या चेहऱ्यावर थांबतो. दहा वर्षांनी आपण कोण ठरणार आहोत याची त्या नटाला २००९ साली कल्पना असण्याचे कारण नव्हते. तो खेळतो आहे ती एका साध्या माणसाची भीती, ज्याला पुढचे पान ठाऊक आहे, ते उलटू नये असे वाटते आहे, आणि ज्याच्याच हातून ते उलटले जाणार आहे. मी तो चेहरा बरेचदा मागे नेऊन पाहिला. डोळ्यांत मिस्कीलपणाची एकही रेघ नाही.